जखम बसली म्हणून?

बाळा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. "जखम दुखत नव्हती, आपोआप बसली, मग आता सिव्हिलला कशाला जाऊ?" अरे भो, बसली म्हणूनच जा! सिफिलिस हा शरीरसंबंधातून लागणारा आजार, त्याची पहिली जखम बहुतेकदा दुखत नाही, औषधाविना 3 ते 6 आठवड्यांत भरूनही येते. आजार मात्र अंगात राहतो. तुला तोच आहे असं मी म्हणत नाही. रक्त दिल्याशिवाय ना तुला कळणार, ना मला.

रूममेटने दिलेल्या गोळ्या फेकून दे. कशावरच्या आहेत हे त्यालाच ठाऊक नाही! सिफिलिस निघालाच, तर सुरुवातीला बहुधा पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनात काम भागतं. पण आधी रक्त दे.

व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही, दोन्ही कर. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतात. तुझ्या संमतीशिवाय तो रिपोर्ट घरी कळवता येत नाही, 2017 चा कायदाच आहे तसा. आणि निगेटिव्ह आला म्हणून लगेच नाचू नको. त्या रात्रीला 3 महिने झाले की पुन्हा रक्त दे.

तिलाही सांग. भांडण झालंय, ठाऊक आहे, तरी सांग. क्लॅमिडियासारखा, असाच शरीरसंबंधातून लागणारा संसर्ग बाईच्या अंगात काही न दाखवता राहतो आणि गर्भनलिका खराब करून बसतो.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? लॅबमध्ये होतो तेव्हा कॉलेजची एक पोरगी आली होती. मी रांगेतच मोठ्यानं विचारलं, "लग्न झालंय का?" मागच्या बाया बघायला लागल्या. ती चिठ्ठी तिथेच ठेवून निघून गेली, परत आली नाही. फॉर्मवर तसा रकानाच होता, गर्दी होती, मी एकटा होतो. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, आणि खोटं काही नाही त्यात. पण आवाज तर माझाच होता ना? खाली आणता आला असता.

आता तुला कुणी तसं विचारलं तर उठून येऊ नको. चीड, पण रक्त देऊनच चीड.

सोमवारी बांभोरीहून सकाळीच निघ. मी गेटजवळच्या टपरीवर थांबतो. उपाशी यायची गरज नाही, पोहे खाऊन ये.

तुझा,
काका