पाण्यातील आवाजांच्या नोंदींवरून डॉल्फिनची दिनचर्या कळते का?

डॉल्फिन प्रत्यक्ष न पाहता केवळ पाण्याखालील ध्वनिमुद्रणावरून त्यांची दिनचर्या ठरवता येते का, आणि शहाद्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावी राहून हे काम शिकता येईल का, असे आपण विचारले आहे. दोन्हींचे उत्तर होय असेच आहे. कोकण किनाऱ्यावरील हंपबॅक डॉल्फिनच्या नोंदी मी दोन वर्षे जळगावला घरी बसूनच तपासल्या.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो, त्यामुळे गढूळ पाण्यात जिथे हातभर अंतरावरचेही दिसत नाही, तिथे हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, रात्रंदिवस ऐकत राहतो. डॉल्फिन एकमेकांशी संपर्क ठेवण्यासाठी शीळ घालतात आणि भक्ष्य शोधण्यासाठी क्लिक, म्हणजे अगदी छोटे तुटक आवाज, करून त्यांचे प्रतिध्वनी टिपतात. क्लिकची बरीचशी ऊर्जा माणसाच्या ऐकण्याच्या 20 किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडे असल्याने ते कानांनी नव्हे, तर स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्ररूप आलेखावर, डोळ्यांनी वाचावे लागतात. पडद्यावर आधी सुट्या उभ्या रेघा दिसतात. मासा जवळ येऊ लागला की त्या दाटत जातात, दोन क्लिकमधले अंतर दहा मिलिसेकंदांच्याही खाली येते, रेघांची एक सलग पट्टी होते आणि ती एकाएकी तुटते. ही पट्टी म्हणजे शिकारीचा शेवटचा क्षण, आणि तिच्यामुळेच नुसता वावर व शिकार यांत फरक करता येतो. मग प्रत्येक तासातील किती मिनिटांत क्लिक सापडले हे मोजून दिवस-रात्र आणि भरती-ओहोटीशी त्याची तुलना केली जाते.

मात्र खरी कसोटी इथूनच सुरू होते. माझ्या पहिल्या तक्त्यात पहाटे डॉल्फिन नाहीसे होत असल्याचे दिसत होते. मूळ नोंदी पुन्हा उघडल्यावर लक्षात आले की त्याच वेळी मासेमारीच्या होड्या निघत होत्या आणि इंजिनांच्या घरघरीत क्षीण क्लिक बुडून जात होते. शिवाय क्लिकचा झोत समोरच्या दिशेने जातो, म्हणून पाठ फिरवलेला डॉल्फिन नोंदीतून निसटतो. भागलपूरजवळच्या गंगेतील डॉल्फिन जवळजवळ आंधळे असून अखंड क्लिक करत असतात, त्यामुळे तिथल्या शांततेवरून काही अनुमान काढता येते. समुद्रातील डॉल्फिन गप्पही राहतात, तिथे शांतता म्हणजे अनुपस्थिती असे मी कधीही लिहिणार नाही. क्लिकच्या संख्येवरून डॉल्फिनची संख्याही सांगू नये.

साठवणुकीचा हिशोब आधीच करावा. आवाजाचे सेकंदाला 1,92,000 नमुने (मोजमापे), प्रत्येकी 16 बिट, या दराने एका दिवसाचे सुमारे 33 जीबी होतात. म्हणून अनेकजण दर अर्ध्या तासातील पाचच मिनिटे मुद्रित करतात.

तापीत डॉल्फिन नाहीत, पण आपल्या केळीच्या बागांवर संध्याकाळी किडे टिपणारी छोटी वटवाघळे प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधण्याची हीच पद्धत वापरतात, आणि त्यांच्याही शिकारीच्या शेवटी तशीच दाट पट्टी उमटते. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज टिपणारा अल्ट्रासॉनिक मायक्रोफोन मिळवून महिनाभर त्यांच्या नोंदी घ्या, आणि प्रत्येक नोंदीशेजारी त्या वेळचा वारा, पाऊस व विहिरीवरील मोटार चालू होती की बंद, हे न चुकता लिहा.