फ्रंटियर म्हणजे सीमा, सरहद्द की वेस?

प्रश्न असा आला आहे : "अमेरिकेच्या इतिहासावरचा एक पाठ मराठीत आणतो आहे. मिसिसिपी नदीच्या संदर्भात त्यात 'फ्रंटियर' हा शब्द सतत येतो. मी 'सीमा' वापरला आणि वाक्य झालं, '१८०३ नंतर अमेरिकेची सीमा मिसिसिपी ओलांडून हळूहळू पश्चिमेकडे सरकत गेली.' वाचताना काहीतरी खटकतं. 'सरहद्द' लिहू का?"

खटकतं ते योग्य ठिकाणी खटकतं. सीमा ही रेघ असते. संस्कृतात 'सीमन्' म्हणजे हद्द आणि केसांचा भांगही. 'सीमंत' हा शब्द तिथलाच. भांग असतो किंवा नसतो, तो रांगत नाही. 'सीमा'चंच घासून झालेलं रूप 'शीव', जे मुंबईत एका स्टेशनाच्या नावात टिकून आहे. शिवेवर दगड रोवतात, भांडणं होतात, पण ती रोज दोन हात पुढे गेली असं कुणी म्हणत नाही.

आता इतिहास पाहा, कारण शब्दाचा निकाल तिथेच लागतो. १७८३च्या पॅरिसच्या तहात मिसिसिपी ही नव्या अमेरिकेची पश्चिम सीमा ठरली. तेव्हापासून १८०३पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, ती नदी शब्दशः सीमा होती. पलीकडचा मुलूख स्पेनच्या ताब्यात होता आणि नंतर फ्रान्सकडे गेला. ओहायो खोऱ्यातले शेतकरी आपलं धान्य, पीठ, खारवलेलं डुकराचं मांस सपाट तळाच्या होड्यांत भरून प्रवाहासोबत नदीच्या तोंडाशी असलेल्या न्यू ऑर्लिन्स बंदराला नेत. माल विकला की होडीही मोडून लाकडाच्या भावाने विकत, कारण उलट्या पाण्याने ती परत आणणं जमत नसे. नदीचं तोंड परक्याच्या हातात आणि १८०२मध्ये तिथे माल उतरवून ठेवायचा हक्कच बंद झाला. त्या ओरडीतून राष्ट्राध्यक्ष जेफरसनचे दूत पॅरिसला हे एक बंदर विकत मागायला गेले आणि दीड कोटी डॉलरमध्ये सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा लुइझियाना प्रांत घेऊन आले.

म्हणजे १८०३मध्ये सीमा 'हळूहळू सरकली' नाही. तिने एका करारात रॉकी पर्वतापर्यंत उडी घेतली. ब्रिटनशी १८४६मध्ये आणि मेक्सिकोशी १८४८मध्ये झालेल्या तहांनंतर ती पॅसिफिकला भिडली. वस्ती मात्र तेव्हाही मिसुरी राज्याच्या पश्चिम टोकाशी थबकलेली होती. त्यापुढे मधले काही तुरळक अपवाद सोडले तर थेट ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातच गोऱ्यांची वस्ती लागे. सीमा एकीकडे आणि फ्रंटियर दुसरीकडे, मध्ये हजारो किलोमीटर. दोन्हींना एकच शब्द दिला तर हे अंतर मराठी वाचकाला कधी दिसणारच नाही.

'सरहद्द'चा मोह मला समजतो. वायव्य सरहद्द प्रांत, सरहद्द गांधी हे शब्द आपल्या कानात बसलेले आहेत आणि दोन्हीकडे मूळ इंग्रजी शब्द फ्रंटियरच आहे. व्युत्पत्तीही किती जवळची! फ्रंटियरच्या मुळाशी लॅटिनमधलं कपाळ आहे आणि सरहद्दीच्या मुळाशी फारसीतलं 'सर', म्हणजे डोकं. खैबरपाशी तो शब्द चपखल बसतो, कारण तिथे दोन सत्ता समोरासमोर होत्या, मध्ये किल्ले आणि चौक्या होत्या. पण फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३मध्ये शिकागोला वाचलेल्या गाजलेल्या निबंधात हाच भेद स्पष्ट केला आहे. युरोपातली फ्रंटियर म्हणजे दाट वस्तीतून जाणारी तटबंदीची हद्द, अमेरिकेतली म्हणजे मोकळ्या जमिनीची अलीकडची कड. त्याच्या निबंधाची सुरुवातच १८९०च्या जनगणनेच्या नोंदीने होते : आता फ्रंटियरची सलग रेषा दाखवता येत नाही. तिथे माप होतं चौरस मैलामागे दोन माणसं. त्याहून विरळ म्हणजे 'वस्ती नाही'.

म्हणून सरकणाऱ्या फ्रंटियरला मी 'वस्तीची कड' म्हणेन. गावगाड्याच्या भाषेत घरांची ती पांढरी आणि शेताची ती काळी. पांढरी जिथे विरत जाते तो पट्टा डोळ्यांपुढे आणा, अर्थ लागतो. फक्त एक विनंती. त्या कडेपलीकडच्या प्रदेशाला 'ओसाड' किंवा 'निर्जन' म्हणू नका. लुइस आणि क्लार्क हे शोधप्रवासी १८०४मध्ये मिसुरी नदीने वर निघाले तेव्हा त्यांनी पहिला हिवाळा मंडन या आदिवासी लोकांच्या गावांशेजारी काढला. मातीने लिंपलेली मोठी गोल घरं, मक्याची शेतं, व्यापाराची पेठ, सगळं तिथे होतं. टर्नरची 'मोकळी जमीन' ही त्याच्या शब्दकोशातली मोकळी आहे. अनुवादकाने ती आपल्या शब्दाने आणखी मोकळी करू नये.

मग नदीला काय म्हणायचं? तुमच्या पाठात मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस शहराला 'पश्चिमेचं प्रवेशद्वार' म्हटलं असणार, सगळीकडे तसंच म्हणतात. मी तिथे 'वेस' लिहीन. वेस म्हणजे हद्दही आणि दरवाजाही, आणि मिसिसिपी आधी एक होती, मग दुसरी झाली. प्रवेशद्वारातून माणूस आत येतो. वेशीतून तो गाव सोडून जातो. हे लोक जातच तर होते.

मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, तेव्हा तिचा पश्चिमेशी काय संबंध, असा प्रश्न नकाशा पाहून पडतो. तिचं खरं बळ तिला मिळणाऱ्या दोन नद्यांत आहे. पूर्वेकडून ओहायो माणसं आणून सोडते. पश्चिमेकडून मिसुरी येते, आणि तिच्या संगमाच्या थोडं खालीच सेंट लुइस आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी १७६४मध्ये केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी ही जागा निवडली ती उगीच नाही. उलट्या पाण्याची अडचण आगबोटींनी सोडवली : १८११मध्ये पहिली आगबोट पिट्सबर्गहून खाली निघाली, १८१९मध्ये मिसुरीतही शिरली. मिसुरीने वर जाताना तोंड पश्चिमेला असतं, पण आजच्या कॅन्सस सिटीपाशी नदी उत्तरेला वळते. म्हणून त्या वळणाजवळच्या इंडिपेन्डन्सला लोक बोटीतून उतरत, बैल आणि गाड्या विकत घेत आणि ऑरेगनची वाट धरत. वस्तीची कड तिथे का थबकली याचं एक उत्तर नदीच्या त्या वळणात आहे. (आगबोट हा शब्दही वापराच. 'वाफेवर चालणारी नौका' लिहून त्या बोटीचा धूर घालवू नका.)

'वेस' सुचवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे 'वेशीबाहेर' म्हटलं की गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं आठवतात. १८३०च्या कायद्याने पूर्वेकडच्या आदिवासी राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडे घालवायचं ठरलं. १८३८-३९च्या हिवाळ्यात चेरोकी लोकांचे तांडे या नदीच्या काठी बर्फ वाहून जाण्याची वाट पाहत अडकले, माणसं थंडीने आणि आजाराने मेली. त्यांच्यासाठी ती नदी प्रवेशद्वार नव्हती. 'वेस' हा शब्द दोघांचंही सांगतो, निघालेल्यांचं आणि घालवलेल्यांचंही.

कुणी 'मुलूखगिरी' सुचवेल. नको. मराठ्यांनी अटक गाठली १७५८मध्ये, सिंधूकाठची, आणि 'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार आपल्याला मिळाला. पण ती फौजेची चाल होती, तिच्यामागून नांगर गेला नाही. इथे नांगर आणि कुऱ्हाडच पुढे होती.

तेव्हा तुमचं एक वाक्य मोडून तीन करावी लागतील. मी अशी करीन : "१७८३पासून मिसिसिपी ही अमेरिकेची पश्चिम सीमा होती. १८०३मध्ये ती सीमा एकदम रॉकी पर्वतापर्यंत गेली आणि नदी वेस झाली. वस्तीची कड मात्र त्या वेशीतून निघून मिसुरीच्या काठाकाठाने, दशकामागून दशक, पश्चिमेकडे सरकत राहिली."