एकदांडीला तण म्हणायचं का? आणि ती निंदायची की उपटायची?

प्रश्न असा आहे: पुण्यात फाल्गुन-चैत्रात गच्चीवरच्या कुंड्यांत आपसूक फुललेल्या एकदांडीला नि आंबुशीला 'तण' म्हणावं की 'गवत'? आणि ते निंदायचं, खुरपायचं की उपटायचं?

गवत ही जात, तण हा शेरा. 'तण' आला संस्कृत 'तृण'वरून, म्हणजे मुळात गवतच. पण मराठीत तो नको तिथे उगवलेल्या कुठल्याही झाडाला लागतो. गुलाबाच्या कुंडीत खुरपताना जी हरळी, तीच गणपतीपुढे दूर्वा. उलट गाजरगवत फक्त नावाचं गवत, कूळ सूर्यफुलाचं. एकदांडीही त्याच कुळातली. वीतभर उघडा दांडा, टोकाला एकच फूल, मधे पिवळा गड्डा, कडेला तीन दात्यांच्या चार-पाच फिकट पाकळ्या. तिला गवत म्हणणं चूकच, आणि हौसेनं ठेवली असेल तर तणही म्हणू नये.

'निंदणे'चा निंदेशी संबंध नाही. संस्कृतात तण काढणारा तो 'निर्दाता', त्याच्याशी हे क्रियापद जोडतात. निंदणे म्हणजे तण वेचून काढणे. खुरपण्यात खुरपं आलं, मातीही हलली. सातारा-कोल्हापूरकडे हेच भांगलणे, कोकणात बेणणे.

कुंडीत मात्र क्रियापद मुळं ठरवतात. एकदांडी ओल्या मातीतून उपटता येते, फक्त फुलाची म्हातारी होऊन उडायच्या आत. आंबुशी उपटू नये: तिची दोऱ्यासारखी खोडं पेरापेराला मुळं धरतात, ओढली की तुटतात आणि राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो. पिकलेली शेंग हात लागताच फुटून बी शेजारच्या कुंडीत जातं. म्हणून शेंगा हिरव्या असताना, पाणी घातल्यावर तासाभराने खुरपं तिरपं घालून खुरपावी. लव्हाळा तर खणूनच काढायचा. वरचं पातं हातात येतं, खालच्या गाठी साखळीने मातीतच राहतात आणि आठवड्यात नवे कोंब येतात. कुंडी रिकामी करून माती चाळणं हाच इलाज.

एक बारकावा व्याकरणातल्या कर्माचा. 'कुंडी निंदली', 'कुंडी खुरपली' आणि 'तण निंदलं', 'तण खुरपलं' ही चारही रूपं बरोबर. 'उपटणे'ला मात्र तणच लागतं. 'कुंडी उपटली' म्हणालात तर खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतील.