इथिलीन शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या तर दुकानातली फळं खरंच जास्त टिकतात का?

टिकतात, पण माल हिरवा असतानाच पुडी ठेवली तर. केळ्याने एकदा रंग धरला की ते स्वतःच इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा गॅस, सोडायला लागतं, मग पुड्यांचा ढीग लावला तरी काही होत नाही.

मी रावेर तालुक्यातला, घरची केळी. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दिल्लीला माल पाठवला, केळीने गाडी पूर्ण भरत नव्हती म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याने पुढे केबिनच्या बाजूला पपईचे क्रेट टाकले, पपई पिकायला आलेली, वरून ताडपत्री गच्च बांधली. गाडी पोचली तर निम्मा माल पिवळा, व्यापाऱ्याने भाव पाडला आणि मोठे काका सगळ्या भावकीसमोर आबांना म्हणाले, तू माल जास्त पक्का कापलास. आबा चाळीस वर्षं नुसता घड बघून कापणी सांगतात. पुढचे दोन हंगाम ते कापणीला उभेच राहिले नाहीत.

गाडीसोबत मी गेलो होतो, खाली करताना डोळ्यांनी बघितलंय. पपईला लागून होती ती केळी पिवळी आणि मागे फाळक्याजवळची हिरवीगार. बाग एक, कापणी एका दिवसाची, मजूर तेच. माल पक्का असता तर मागचाही पिकला असता ना? पिकवलं ते पपईच्या गॅसने. दहा लाख भाग हवेत एक भाग, म्हणजे १ पीपीएम, इथिलीन असलं तरी हिरवी केळी पिकायला लागतात, रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे माल पिकवायच्या बंद खोलीत, आपण मुद्दाम १०० पीपीएमपर्यंत देतो ते सगळा माल एकसारखा पिकावा म्हणून.

तुम्ही पिकलेली पपई, आंबा, सफरचंद हिरव्या केळ्यांपासून लांब ठेवा, जमलं तर वेगळ्या खोलीत, आणि सडकं फळ रोज काढा, तेही गॅस सोडतं. पुडी बंद बॉक्समध्येच कामाची, उघड्या टोपलीत ठेवली तर पैसे वाया. आत पोटॅशियम परमॅंगनेट असतं, जांभळं आहे तोवर चालतं, तपकिरी झालं की फेकायचं. थंडावा पाहिजेच पण केळी १३ अंशांच्या खाली नेऊ नका, साल काळी पडते. आणि हो, द्राक्षं-डाळिंबांना हे तसं लागू नाही, ती तोडल्यावर पिकत नाहीत, तिथे भीती बुरशीची.

काका अजून लग्नाकार्यात तो विषय काढतात. फाळक्याजवळच्या हिरव्या केळ्यांचा फोटो मी तेव्हाच काढलेला, आता आबांच्या फोनमध्येही टाकलाय.