बर्गे, डीपी आणि भंगाराचा काटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच दुखण्याची आहेत, म्हणून एकत्र घेते.

प्रश्न : आमच्या गावाजवळ सीना नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवायला बंधाऱ्याच्या खाचांत बसवायच्या लोखंडी प्लेटा) काढून काठावर थप्पी लावली होती. ऑक्टोबरात बसवायला गेलो तर 62 बर्गे कमी भरले. ठाण्यात गेलो, तर ‘माल सरकारचा, तुम्ही कोण?’ असं विचारलं. पाटबंधारे शाखेत म्हणाले, ‘वर कळवतो.’ आता पाणी अडणार नाही, रब्बी हातची गेली. माल भंगारात गेला हे लहान पोरालाही माहीत आहे. यावर कायदाच नाही का?
– पाणीवापर संस्थेचे सचिव, जि. सोलापूर

उत्तर : सचिवसाहेब, कायदा आहे. एक सोडून तीन-चार आहेत. पण आधी ‘तुम्ही कोण’चं उत्तर देते, कारण तिथेच बहुतेक लोक माघारी फिरतात. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणीही देऊ शकतो, त्यासाठी मालाचा मालक असावं लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 173 वाचा. खबर नोंदवून घ्यायची आणि तिची प्रत तुम्हाला फुकट द्यायची, असं त्यात आहे. नोंदवून घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता कलमं. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी तिच्या कलम 303 मध्ये येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेची चोरी कलम 305 मध्ये घातली आहे आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणजे बंधारा जलसंपदाचा असो की जिल्हा परिषदेचा, तुमचा गुन्हा 305 मध्येच बसतो. तक्रारीत हे कलम स्वतः लिहा. नाहीतर सवयीनं 303 लागतं.

तुमचे बर्गे थप्पीतून गेले. काही गावांत ते जानेवारीत, पाणी अडवलेलं असताना, खाचेतून उपसून नेतात. रातोरात सगळं पाणी खाली निघून जातं. तिथे चोरीबरोबर कलम 326 सुद्धा लागतं : शेतीचं पाणी कमी होईल असं नुकसान करणं, पाच वर्षांपर्यंत. शिवाय 1984 चा सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा आहे. पाणी किंवा वीज पुरवठ्याच्या साधनाचं नुकसान केलं तर त्यात किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आहे.

एवढं असून आरोपी का सुटतात, ते मी जवळून पाहिलं आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका खटल्यात मी आरोपी भंगार व्यापाऱ्याची वकील होते. त्याच्या गाळ्यातून 38 बर्गे जप्त झाले होते. साक्षीला शाखेचा कर्मचारी आला. एक बर्गा दोघांनी उचलून कोर्टाच्या व्हरांड्यात आणून ठेवला होता. मी विचारलं, ‘यावर तुमच्या खात्याची काही खूण आहे?’ त्यानं वाकून प्लेटवरून हात फिरवला. गंजाचे पापुद्रे फरशीवर पडले. ‘नाही.’ ‘असेच बर्गे इतर बंधाऱ्यांवर असतात?’ ‘असतात.’ ‘नोंदवहीत काय लिहिलं आहे?’ ‘बर्गे, नग 240.’ बस्स. माल चोरीचा आहे हेच सिद्ध झालं नाही, तर चोरीचा माल घेतल्याचा आरोप कसा टिकणार? माझं अशील सुटलं.

बचाव करणं माझं काम होतं, ते मी केलं आणि आजही करीन. पण बाहेर आल्यावर त्या गावचे दोन म्हातारे शेतकरी माझ्याकडे बघत उभे होते, ते मी विसरलेले नाही. त्या खटल्याला सव्वातीन वर्षं लागली. तोवर 38 बर्गे ठाण्याच्या आवारात बाभळीखाली पडून होते, आणि बंधाऱ्याची तेवढी दारं तीन हिवाळे उघडी.

म्हणून मला दोन गोष्टी पोटतिडकीनं सांगायच्या आहेत. पहिली, उरलेल्या बर्ग्यांवर आजच खूण करा. रंगानं नाही, रंग उन्हात जातो आणि घासलाही जातो. वेल्डिंगनं बंधाऱ्याचं नाव आणि क्रमांक दोन ठिकाणी उठवा, एक मधोमध, कारण गॅस कटरनं तुकडे करताना टोक आधी जातं. शाखेची लेखी परवानगी घ्या, माल त्यांचा आहे. नोंदवहीत ‘नग 240’ नको, क्रमांक, लांबी, रुंदी, जाडी हवी. थप्पी लावल्याच्या दिवशी मोजणी करून संस्थेचा आणि शाखेचा माणूस दोघांनी सही करावी.

दुसरी, माल सापडला तर तो निकालापर्यंत ठाण्यात सडू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं की मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवायचा नाही, पंचनामा करून, फोटो काढून सोडायचा. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये मुदतच घातली आहे : माल कोर्टापुढे आला की 14 दिवसांत त्याचं वर्णन लिहायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा, आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश करायचा. खात्यानं सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, माल मागायचा अर्ज करायला हवा. तो अर्ज होत नाही, हीच खरी अडचण. संस्थेच्या ठरावानं शाखेकडे लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

प्रश्न : शिवारातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) खाली पाडून तेल सांडलं, तांब्याची कॉइल नेली. पोलीस म्हणतात तक्रार वीज कंपनीनं द्यायची. खरं का?
– एक शेतकरी, जि. बीड

उत्तर : कंपनीनं द्यायलाच हवी, पण तुमची खबर नाकारता येत नाही. वीज कायदा 2003, कलम 136 : वीजवाहिनी किंवा तिच्या साहित्याची चोरी, तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा सापडला तर किमान सहा महिने, पाच वर्षांपर्यंत. कलम 137 चोरीचं साहित्य घेणाऱ्यासाठी आहे, त्यालाही तीन वर्षांपर्यंत. दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. पंचनामा होईपर्यंत तुटलेला सांगाडा हलवू देऊ नका आणि डीपीचा क्रमांक लिहून घ्या. विहिरीवरची तुमची स्वतःची केबल गेली असेल तर ती वेगळी चोरी, वेगळी लिहून द्या. खरेदीचं बिल असेल तर जोडा.

प्रश्न : ताई, माझा भंगाराचा गाळा आहे. बापाच्या हातगाडीपासून सुरू केलेला धंदा. कुठे काही चोरी झाली की पहिली गाडी माझ्या दारात येते. चोरीचा माल मी कसा ओळखायचा? माणूस म्हणतो घरचं आहे, मी काटा करतो, पैसे देतो.
– नाव छापू नये

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्राचा मी आदर करते. तुमच्यासारख्या माणसांनी वेचलं नाही तर गावं कचऱ्यात बुडतील. पण ‘घरचं आहे’ एवढ्यावर काटा करू नका. न्याय संहितेचं कलम 317 असं सांगतं की माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला तर गुन्हा, तीन वर्षांपर्यंत. वारंवार घेण्याचा धंदाच असेल तर जन्मठेपेपर्यंत. ‘मानायला कारण’ या दोन शब्दांवर तुमचं सगळं अडलेलं आहे. मॅनहोलचं झाकण, बर्गा, सिग्नलची केबल, रस्त्याकडेच्या कठड्याचा पत्रा, या वस्तू कोणाच्याही घरच्या नसतात. जाळून काढलेलं तांबं, रात्री दहानंतर आलेला छोटा हत्ती, बाजारभावाच्या निम्म्यात द्यायला तयार असलेला पोरगा, हीसुद्धा कारणंच. कोर्ट तीच बघतं.

रेल्वेच्या मालाबाबत तर फार जपून. 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात ओझं उलटं आहे. रेल्वेचा, चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला माल तुमच्याकडे सापडला, तर तो रीतसर आला हे तुम्ही सिद्ध करायचं. पहिल्याच गुन्ह्याला सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं. माझं मत विचाराल तर बंधारे, डीपी आणि गटारांच्या झाकणांनाही हाच नियम लावायला हवा. मी आरोपींची बाजू मांडणारी वकील असून हे म्हणते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये रेल्वेच्या केबल आणि चर्चच्या छपरावरचं शिसं इतकं चोरीला जाऊ लागलं की 2013 मध्ये भंगार व्यापाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. स्थानिक कौन्सिलचा परवाना, विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासणं, नोंदी जपणं, आणि भंगाराचे पैसे रोख द्यायचेच नाहीत. आपल्याकडे भंगारावर नजर आहे ती कराची. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी नोंदणीकृत घेणाऱ्यानं भरायचा. त्यातून कर गोळा होतो, पण गाळ्यावर माल घेऊन आलेला माणूस कोण होता, ते कळत नाही.

तेव्हा कायद्याची वाट न बघता तुम्हीच एक वही घाला. तारीख, वेळ, माणसाचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, गाडीचा नंबर, मालाचं वर्णन, वजन, दर. मोबाइलवर मालाचा एक फोटो. पैसे शक्य तिथे यूपीआयनं द्या, म्हणजे घेणाऱ्याचं नाव आपोआप राहतं. आणि जो माल तुम्ही परत पाठवाल त्याचीही ओळ वहीत लिहा, गाडी नंबरासकट, व त्याच दिवशी ठाण्यात कळवा. पुढच्या वेळी गाडी दारात आली की वही पुढे करा. पहिलं पान घालण्याआधी माझ्याकडे आणून दाखवलंत तर मी रकाने आखून देईन.