कीट्सची प्रेमपत्रं वाचावीत का? खासगी आहेत ना ती?

मी वाचली, आणि चोरून वाचल्यासारखं वाटलंच. इंग्रज कवी जॉन कीट्स २५ व्या वर्षी, १८२१ मध्ये रोमला क्षयाने गेला. त्याची पत्रं त्याची प्रेयसी फॅनी ब्रॉनने मरेपर्यंत जपली. ती १८६५ मध्ये वारली. मग तिच्या मुलांनी ही पत्रं विकायला काढली. १८७८ मध्ये पुस्तक आलं, १८८५ मध्ये मूळ कागदांचा लिलाव झाला.

तरी वाचाच, विशेषतः १८२० च्या चिठ्ठ्या. लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला दोघं एकाच जोडघरात राहत, मध्ये फक्त भिंत. हा अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरांनी भेटीगाठींवर बंधनं घातलेली. म्हणून पलीकडे दोन ओळी पाठवायच्या: येऊन जा, निदान खिडकीतून दिस. कवी-बिवी बाजूला राहतो. संशयी, हट्टी, घाबरलेला पोरगा दिसतो. काही पत्रांत तो तिला इतकं घालूनपाडून बोलतो की राग येतो.

खटकतं ते वेगळंच. फॅनीने त्याला लिहिलेली पत्रं उरलीच नाहीत. शेवटची काही तर त्याने फोडलीही नव्हती, तशीच त्याच्याबरोबर पुरली. आपल्याकडच्या ‘कुसुमानिल’ या पत्रसंग्रहात निदान कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे दोघंही बोलतात.