बदललेलं व्हील बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: पुढच्या डाव्या चाकाचं मूळ बेअरिंग लाखभर किलोमीटर चाललं, बदलून घातलेलं काही हजारांतच घुमायला लागलं आणि त्यानंतर बसवलेल्याचीही तीच गत झाली. माल खोटा आहे का?

असू शकतो, हुबेहूब खोक्यातला नकली माल बाजारात असतोच. पण एकाच चाकाचं बेअरिंग लागोपाठ गेलं, तर मी मालावर शेवटी संशय घेतो आणि आधी बसवण्यावर. हेच काम रोज हातात असतं, म्हणून सांगतो: लवकर परत येणारी बेअरिंगं बहुतेक वेळा गाडीवर चढतानाच मेलेली असतात. आवाज तेवढा नंतर येतो.

फ्रंट-व्हील ड्राइव्हच्या (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये (नकल म्हणजे सस्पेन्शनला जोडलेला, चाक धरून ठेवणारा लोखंडी भाग) प्रेसने दाबतात आणि मग त्यात हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, दाबतात. बेअरिंगला आत आणि बाहेर अशा कड्या असतात, त्यांना रेस म्हणतात. त्यांच्या मधल्या गोळ्या म्हणजे छर्रे. जी रेस घट्ट बसते आहे, जोर तिच्यावरच पडला पाहिजे. नकलमध्ये घालताना बाहेरच्या रेसवर दाबायचं आणि हब घालताना आतल्या रेसला खालून स्लीव्हचा आधार द्यायचा. घोळ होतो तो या दुसऱ्या टप्प्यात. नकल प्रेसच्या टेबलावर टेकवली जाते, आतली रेस अधांतरी राहते आणि वरून हबवर दाब येतो. तो सगळा जोर आतल्या रेसमधून छर्ऱ्यांवर आणि छर्ऱ्यांतून बाहेरच्या रेसवर जातो. छर्रा रेसला टेकतो ती जागा टिकलीएवढीही नसते. तिथे टनाच्या हिशेबातला जोर आला की रेसमध्ये बारीक खळगा पडतो. हाताने फिरवून पाहिलं तर बेअरिंग लोण्यासारखं फिरतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. गाडी पळू लागली की छर्रे त्या खळग्यांवरून जात राहतात, कडा सोलवटतात, धातूचा कीस ग्रीसमध्ये मिसळतो आणि घूंऽऽ सुरू होतं. हातोडीने ठोकून बसवलेल्याचं तर विचारूच नका.

म्हणून काढलेलं बेअरिंग टाकून देऊ नका, मागून घ्या आणि उघडून रेस पुसून बघा. छर्ऱ्यांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर खळगे दिसले तर दाब चुकीच्या जागी पडला होता. फक्त एक लक्षात ठेवा. हब ओढून काढतानाही जोर छर्ऱ्यांतूनच जातो, त्यामुळे काढतानाचेही खळगे असतात. ते कोरे, चकचकीत दिसतात. जुन्या खळग्यांच्या कडा उडालेल्या असतात आणि आजूबाजूची रेस खरबरीत झालेली असते. (याच कारणाने, दुसऱ्या एखाद्या कामासाठी हब ओढून काढलं असेल तर तेच बेअरिंग परत घालणं म्हणजे पुढच्या फेरीची सोय.)

आता बेअरिंगची बाहेरची बाजू बघा. तिथे घासून आलेली चमक किंवा तांबूस भुकटी असेल, तर बेअरिंग नकलमध्ये फिरत होतं. तुमच्या बाबतीत माझा जास्त संशय इथेच आहे. आधीचं बेअरिंग आवाज करत असताना गाडी बरीच चालवली गेली असेल, तर नकलचं बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) मोठं किंवा अंडाकृती होतं. मग त्यात कितीही उत्तम बेअरिंग घाला, टिकणार नाही. बोअर गेज लावून दोन-तीन दिशांनी मोजायला सांगा. काही जण पंचने आत टिंबं मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करतात. त्याने रेसला सगळीकडून सारखा आधार मिळत नाही. बोअर गेलं असेल तर नकलच बदलायची. हबही तपासून घ्या. जुनी आतली रेस हबवर अडकली की ती ग्राइंडरने कापतात, त्यात हबला चीर पडलेली असते किंवा त्याचा बसायचा भाग झिजलेला असतो.

मग अ‍ॅक्सलचा नट. या बेअरिंगला आत दोन रेस असतात आणि त्या एकमेकींना चिकटून धरण्याचं काम हा नट करतो. ढिला राहिला तर रेसमध्ये फट पडून प्ले (ढिलेपणा) येतो. जास्त आवळला तर छर्ऱ्यांवर ताण येऊन बेअरिंग तापतं, रेसवर निळसर झाक दिसते. इम्पॅक्ट गनने 'टाइट झाला' म्हणून सोडून देणं हा सर्रास प्रकार आहे. टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच हवा. तो गाडीगणिक बदलतो आणि २०० न्यूटन-मीटरच्या पुढेही जातो. शेवटचा टॉर्क देईपर्यंत गाडीचं वजन चाकावर येऊ द्यायचं नाही. अ‍ॅक्सलचा शाफ्ट बाहेर काढून गाडी ढकलत बाजूला घेतली, तरी बेअरिंगचा निकाल लागतो. कंपनीने नट एकदाच वापरायचा म्हटलं असेल तर नवाच घाला.

एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूचं सील चुंबकीय असतं, ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे हवी. उलटी बसली तर दिवा लागतो, म्हणजे निदान कळतं तरी.

बाकी कारणं दुय्यम, पण आहेत. जास्त बाहेर आलेली रिम किंवा स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) लावलं की वजनाची रेषा सरकते आणि बेअरिंगवर तिरका भार येतो. तापलेलं बेअरिंग पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. अशा बेअरिंगचं ग्रीस दुधाळ आणि रेस गंजलेली निघते. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून सीलवर मारला तरी पाणी आत जातं.

आणि तिसरं बेअरिंग घेण्याआधी आवाज नक्की कशाचा, ते बघा. टायर लाटांसारखा झिजला असेल तर तोही अगदी असाच घुमतो. पुढचे टायर मागे टाका. आवाज मागे गेला तर दोष टायरचा. जागा बदलली नाही, तर मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी डावी-उजवी वळवून बघा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला तर डावं बेअरिंगच. मग गाडी जॅकवर घ्या, चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. गेलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते.

काढलेल्या बेअरिंगच्या दोन्ही रेसचे आणि नकलच्या बोअरचे फोटो टाकलेत तर नेमकं काय झालं ते सांगता येईल.